लेकींच्या नावाची मोहाची झाडं

माझा स्वभाव तापट. बायको म्हणायची, तुमच्या नाकावर नुसता राग नाही, रागाचं अख्खं बिऱ्हाड आहे. कबूल. पण माझ्या हातून जन्मात एक बरं काम झालं, ते या रागापायीच, म्हणून सांगतो.

मी जळगावात सरकारी मोजणीदार होतो. स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती. यावलच्या वर, सातपुड्यात, गोऱ्या साहेबांच्या वेळचा एक बंगला होता. आमचे नवे साहेब काश्मीर पाहून आले होते. तिथे म्हणे लोक पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरत जातात. साहेबांच्या डोक्यात भरलं, की बंगल्याखालचा उतार झाडं तोडून मोकळा करायचा, हिरवळ लावायची, पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आणि बर्फ नाही तर नाही, पोराबाळांनी गवतावरून घसरायचं. खानदेशातलं गवत होळीच्या आत वाळून जातं, हे त्यांना सांगणार कोण? मला हुकूम आला, उतार मोजा आणि झाडं नकाशावर घ्या.

ऐन चैत्रात गेलो. यावलपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. उतारावर सगळी मोहाची झाडं, जुनी, थोराड. गंमत म्हणजे प्रत्येक बुंध्याभोवतीची जमीन अंगणासारखी झाडलेली. मी साखळी धरणाऱ्या गड्याला म्हटलं, "बघ, साहेबांसाठी किती स्वच्छ ठेवलंय." तो नुसता हसला.

पुढच्या झाडाखाली आम्ही साखळी टाकली, तशी फुलं वेचणारी एक म्हातारी टोपली ठेवून उठली आणि मला म्हणाली, चपला काढ. मला, सरकारी माणसाला! माझं डोकंच फिरलं.

"हे सरकारी रान आहे, अक्का. झाड काय तुझं आहे?"

"मन्हं नही. मन्ही पोरनं शे."

गडी त्याच भागातला. त्यानं मला समजावलं. वरच्या पाड्यावर मुलीचं लग्न झालं, की तिला मोहाचं एक झाड देतात. ते तिचं. चैत्रात फुलं गळू लागली की ती सासरहून येते. तोवर आई झाडाखालची जागा झाडून ठेवते. मायलेकी फुलं वेचतात, वाळवतात आणि टोपली भरली की लेक परत जाते.

"बठ्ठा झाडे पोरीसना शेतस," सगळ्या उतारावरून हात फिरवत अक्का म्हणाली. तिची स्वतःची लेक डोंगरापलीकडे दिलेली होती, दोन दिवसांच्या वाटेवर. ती आजउद्या यायची होती. "मोहसाठे धाडतस तिले. झाड गयं, ते पोर कसाले ई?"

सासू लेकीला आईसाठी धाडत नव्हती, फुलांसाठी धाडत होती. झाड गेलं की लेकीचं येणं गेलं. एवढं साधं गणित, पण माझा राग तिथल्या तिथे बसला. आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी यायचा आमचा अक्षय्य तृतीयेचा सण, महिन्यावर आली होती. माझी बायको चार महिन्यांच्या मुलीला घेऊन भडगावला माहेरी गेलेली, आणि इतक्या लवकर कशाला जायचं म्हणून मी तिला निघताना चांगलंच बोललो होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी चपला काढल्या.

मोजणीच्या कागदात एक रकाना असे, झाडावर कुणाची वहिवाट असल्यास लिहावी. आमच्या ओव्हरसियरनी पान चघळत आधीच सांगून ठेवलं होतं, "तिथे 'नाही' लिहा नि मोकळे व्हा." मी जन्मात कधी अर्धा फूट खोटा लिहिला नव्हता. आता तर माझा राग ओव्हरसियरवर फिरला, मुळीच लिहिणार नव्हतो. दोन दिवस अक्काला बरोबर घेऊन हिंडलो आणि झाड, मुलगी, तिचं सासरचं गाव, असं सगळं लिहून काढलं.

कडेच्या एका झाडाखाली मात्र पाचोळा तसाच पडला होता. ज्या मुलीचं ते झाड, ती बिचारी बाळंतपणात गेली होती. मी तिथे 'नाही' लिहिलं. अक्कानं विचारलं, काय लिहिलं? मी सांगितलं.

"तुले पोर शे का, भाऊ?"

"आहे. चार महिन्यांची."

"मंग हाई तिन्हं."

मी हसलो. कागदात काही ते झाड माझ्या लेकीच्या नावावर लिहिलं नाही.

कचेरीत व्हायचं तेच झालं. "ही मोजणी आहे की लग्नाची यादी?" ओव्हरसियर भडकले. पुन्हा लिहून द्या म्हणाले. मी म्हटलं, देतो, खाली सही तुमची करा. ती काही त्यांनी केली नाही. मग झाडं तोडण्याआधी कायद्याप्रमाणे प्रत्येकीच्या सासरी नोटीस बजावणं आलं, हातात, अंगठा घेऊन. कुणी या डोंगरात, कुणी त्या, काही तर दुसऱ्या राज्यात. शिपाई दोनदा गेला आणि पाय सुजवून आला. मला बक्षीस म्हणून दोन उन्हाळे धुळ्याच्या रस्त्यावर साखळ्या ओढायला धाडलं. तेवढ्यात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना उन्हाळ्यात डोंगर चढायची हौसच नव्हती. उतार राहिला.

पुढच्याच चैत्रात, मी सुटीवर घरी आलो असताना, यावलच्या गाडीच्या ड्रायव्हरनं एक गाठोडं घरी आणून दिलं. आत वाळलेली मोहाची फुलं, सोबत निरोप, "पोरनं शे." म्हणजे अक्का त्या कडेच्या झाडाखालीही झाडत होती. बायकोला सगळं सांगितलं. तिनं त्यातलं एक फूल मुलीच्या मुठीत दिलं. मग दर वर्षी गाठोडं येत राहिलं. माझी पोर शाळेत सांगायची, माझं डोंगरात एक झाड आहे. कुणाला खरं वाटायचं नाही.

पोर सहा-सात वर्षांची असताना थंडीत निरोप आला, अक्का गेली. मी खूप हळहळलो. आता गाठोडंही संपलं, असं मनाशी धरून बसलो.

चैत्रात गाठोडं आलं. मी स्टँडवर जाऊन ड्रायव्हरला विचारलं, हे कुणी दिलं?

"म्हातारीच्या पोरीनं. चार दिवस आधीच आली होती ती. आई नाही ना आता, दोन्ही झाडांखाली तिलाच झाडायचं होतं."

स्टँडवर चारचौघांत मला रडू आलं. अक्का गेली होती, आणि तिची लेक माहेरी आली होती.