पाच सर्व्हर, एकच खातं

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात किस्से शोधायला जावं लागत नाही. चहाचा कप हातात घेतला की एक तरी दारात येऊन उभा राहतो, "मधुरा, जरा बघ ना गो," म्हणत!

पूर्वी आमच्याकडे पाच सर्व्हर होते आणि पाचांवर प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. लायब्ररीच्या सावंतबाईंनी यावर तोडगा काढला होता. प्रत्येक सर्व्हरच्या पासवर्डला मासळीचा एक पदार्थ! एके दिवशी बाईंनी रजेवरून हेडक्लार्क जोशीकाकांना फोन केला, "माझ्या खात्यातनं तेवढी पुस्तकं चढवा. पासवर्ड 'तिसऱ्यामसाला'."

काका कीबोर्डवर बोटं ठेवून तसेच बसले. मग म्हणाले, "आज संकष्टी आहे, बाई. उद्या करतो लॉगिन!"

* * *

त्याच दिवशी मी ठरवलं, हे बंद करायचं! सगळी खाती एका जागी ठेवायची. पाचही सर्व्हर त्या एका जागेला विचारणार, "हा माणूस खरा का?" पासवर्ड कुठल्याच सर्व्हरवर पडून राहणार नाही, आणि आत शिरताना मोबाईलवर कोडही येणार. रात्ररात्र झोप नव्हती मला, इतकी खूश होते मी.

प्राचार्य सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे पाच दारांना एकच किल्ली? चोराची सोयच की!"

शेवटी महिनाभराची ट्रायल मिळाली, पण अट घालून. "एकजण जरी दुसऱ्याच्या नावाने आत शिरला, तर त्याच दिवशी जुनं परत. आणि पुन्हा हा विषय माझ्याकडे आणायचा नाही." माझी वर्षभराची मेहनत त्या एका वाक्यावर लटकली.

* * *

ट्रायलआधीच्या चाचणीतच घोळ झाला. सर्व्हर माणसाला आतून नावाने नाही, नंबराने ओळखतो. क्रीडाशिक्षक कदम सरांचा लायब्ररीच्या सर्व्हरवरचा नंबर आणि प्राचार्यांचा परीक्षेच्या सर्व्हरवरचा नंबर नेमका एकच! सगळं जोडल्यावर कदम सरांनी आपलं फोल्डर उघडलं, तर आत प्राचार्यांचं गॅदरिंगचं भाषण!

मी धावत गेले. "सर, वाचलं नाहीत ना?"

"वाचलं की! जरा लांबलंय. मधला भाग कापायला सांग त्यांना."

सगळ्यांना नवे, कुणाशीही न जुळणारे नंबर देईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. आणि हो, गॅदरिंगला भाषण खरंच लांबलं!

* * *

ट्रायल सुरू झाली आणि मध्येच शिमगा आला. सावंतबाई गावी निघाल्या. आमच्याकडे मुंबईला जाताना घराची चावी शेजारी देऊन जातात ना, तसा त्यांनी भर स्टाफरूममध्ये जोशीकाकांना पासवर्ड दिला. मोठ्याने! वर "काही लागलं तर बघा," हेही.

काकांनी तो टाकला. कोड गेला बाईंच्या मोबाईलवर. काकांनी फोन लावला, तर पलीकडे ढोल!

"बाई, कोड सांगा!"

"पालखी दारात आलीय! तुमचा मेला कोड ऱ्हवंदे थयसर!" बाईंनी फोन ठेवला, कोडची मुदत संपली, दार उघडलंच नाही. मी तर खुर्चीतच नाचले! मग काकांच्याच खात्याला लायब्ररीच्या कामाची परवानगी दिली. बाईंना परत आल्यावर सगळं नीट सांगितलं, सरांच्या अटीसकट. त्यांनी तिथेच बसून पासवर्ड बदलला. या वेळी कुणाला न सांगता!

* * *

आणि आता ट्रायलचा शेवटचा दिवस. परीक्षेच्या निकालाला प्राचार्यांची ऑनलाइन मंजुरी संध्याकाळपर्यंत हवी होती, आणि सर गुहागरला भाचीच्या साखरपुड्यात! त्यांनी थेट लायब्ररीत फोन लावला. मी तिथेच होते, फोन स्पीकरवर.

"सावंतबाई, माझ्या खात्यातून तेवढी मंजुरी देऊन टाका. पासवर्ड लिहून घ्या."

अट घालणाराच अट मोडत होता, आणि नाही म्हणायचं कुणी?

"सांगू नका, सर!" बाई ओरडल्या. "मी कान बंद केलेत! तुमच्या नावाने मी शिरले तर या पोरीचं सगळं फुकट जाईल. तुम्ही या!"

सरांनी पलीकडे कुणाला तरी गाडी काढायला सांगितली. मग, "येतो."

सर फेरीबोटीने खाडी ओलांडून, आरे-वारेच्या रस्त्याने, साखरपुड्याच्या झब्ब्यातच आले. खुर्चीत बसले. पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला.

"मधुरा, माझा पासवर्ड काय आहे?"

"मला माहीत नाही, सर."

"तू ॲडमिन ना?"

"ॲडमिनलाही दिसत नाही, सर. कुणालाच नाही."

सरांनी झब्ब्याचा खिसा चाचपला. मग स्वतःच्या मोबाईलवर आलेल्या कोडने त्यांनी नवा पासवर्ड ठेवला, मंजुरी दिली आणि उठताना म्हणाले, "ही सिस्टीम कायम ठेवा." मला तर तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं!

सर दारापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात सावंतबाईंनी हाक मारली.

"सर, मग मघाशी फोनवर तुम्ही मला काय सांगणार होतात?"