केर्नहिलची शेवटची रास

एल्स्पेट मच लग्न होऊन केर्नहिलच्या शेतावर आली, तेव्हा टेकाडावर दगडांची एकच रास उरली होती. आधी तीन होत्या. दोन तिच्या सासऱ्याने फोडल्या. एकीचा गोठा झाला, दुसरीचे शेताभोवतीचे गडगे. त्या कोणी रचल्या, कधी रचल्या, हे अ‍ॅबरडीन शहराच्या उत्तरेला आमच्या बकन भागात कुणालाच सांगता येत नसे. खाली राजा झोपलाय आणि त्याच्या उशाशी सोनं आहे, एवढं मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

एल्स्पेटला राजाशी काही देणंघेणं नव्हतं. मूलबाळ झालं नाही, नवरा छातीच्या दुखण्याने लवकर गेला आणि शेत तिच्या अंगावर पडलं. पहाटे गायींच्या धारा, मग सलगमाची खुरपणी, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलकी.

शेजारच्या शेतावरचा धाकटा दीर अ‍ॅलेक एकदा म्हणाला, "वहिनी, टेकाडावरची जागा फुकट जातेय. तेवढ्या दगडात तुझा नवा गोठा उभा राहील."

"आणि राजा?"

"त्याने खूप झोप काढली की!"

कापणी उरकल्यावर तिने माणसं लावली. पण नांगऱ्या डॉड पहारीला हात लावीना. "मालकीणबाई, थोरल्या मालकांच्या सांगण्यावरून माझ्या बापाने दुसरी रास फोडली अन् त्याच साली आमची घोडी मेली."

"डॉड, ती घोडी तुझ्या बापाहून म्हातारी होती."

सगळे हसले, पण जागचं कुणी हललं नाही. तेव्हा एल्स्पेटने झगा खोचला, पहार उचलली आणि पहिला दगड स्वतः उलथवला. मग गडी शरमून कामाला लागले.

राशीच्या तळाशी एक रुंद शिळा लागली. ती सरकवली, तर खाली दगडी फरश्यांची पेटी. आत एक माणूस कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजलेला. फक्त हाडं. तोंडाजवळ मातीचं भांडं, त्याच्या बुडाला करपलेल्या अन्नाची काळी खरपुडी. सोनं नव्हतं. गड्यांनी टोप्या काढल्या.

एल्स्पेट वाकून बघत राहिली. "दात किती झिजलेत बघा. जात्यातली कच खाऊन झिजलेत. हा कसला राजा!"

"भांडं वर घेऊ?" अ‍ॅलेकने विचारलं. "शहरातले साहेबलोक विकत घेतात."

"तुझ्या तोंडापुढची लापशी कुणी उचलली तर चालेल का रे तुला? झाका ते."

"मग दगडही परत रचायचे का?"

"दगड कशाला? गोठा बांधायचाय मला."

शिळा पुन्हा बसवली, वर माती ओढली. पाद्रीबुवांच्या कानावर गेलं तेव्हा ते मुद्दाम येऊन सांगून गेले, की तो काही ख्रिस्ती नव्हता, त्याचं एवढं कशाला मनावर घ्यायचं.

"त्याला वेळेवर कळवायला कुणी गेलं नसेल," एल्स्पेट म्हणाली आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला.

पुढच्या वसंतात टेकाडावर जव पेरला. खूण काही ठेवली नाही. फक्त त्या जागी नांगर उचलून पलीकडे टेकवायचा, एवढी तिची ताकीद. नवा गडी आला की आधी त्याला ती जागा दाखवली जाई. म्हातारपणी ती नांगरटीच्या दिवसांत काठी टेकत बांधावर जाऊन उभी राही. "उचल!" ही तिची आरोळी अ‍ॅलेकच्या अंगणात ऐकू येई. तो म्हणे, "वहिनीने मेलेल्याला जागं केलं बघा."

ती गेल्यावर शेत अ‍ॅलेकच्या नातवाकडे आलं, आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टर. ताकीद त्याला माहीत होती. चुलत आजीचं खूळ म्हणून तो हसायचा, पण पाळायचा. एका वर्षी पाऊस उघडेना, पेरणी मागे पडली आणि त्या गडबडीत त्याने फाळ उचलला नाही. शिळा दुभंगली. नांगराच्या तासात खापऱ्या आणि पांढरे तुकडे वर आले. तो उतरला, थोडा वेळ बघत उभा राहिला, मग वर चढून उरलेलं शेत पुरं केलं. त्या साली जव बरा आला.

आता टेकाड सपाट आहे. गुत्त्यात विषय निघाला की तिघेजण तीन जागा दाखवतात. अलीकडे राहायला आलेल्यांना तर कुणीतरी सांगून टाकलंय, की तिथे एल्स्पेट मच नावाच्या बाईला पुरलं होतं. तिचं थडगं चर्चच्या फाटकाशीच आहे, वर नावही स्वच्छ वाचता येतं.