मिरची येण्याआधीची आमटी

कोल्हारच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे. दुपारच्या तासाला निम्मा वर्ग पेंगायचा, म्हणून सनावळ्या बाजूला ठेवून मी गोष्टी रचून सांगू लागले. त्यांचीच पुढे मुलांसाठी पुस्तकं झाली, नोकरी सोडून मी घरीच लिहू लागले आणि लोक मला लेखिका म्हणू लागले. सासूबाई मात्र विचारणाऱ्याला सांगत, "घरीच असती. लिवती कायतरी."

नगरचा भुईकोट किल्ला बांधला जात होता त्या काळातल्या एका मुलीवर मी कादंबरी लिहिली. तिचा बाप किल्ल्यावर दगड घडवणारा, आणि ही रोज त्याची भाकरी पोचवणारी. पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. कादंबरी त्यांना आवडली होती, पण पोरीच्या फडक्यात मी भाकरीसोबत मिरचीचा ठेचा बांधला होता, आणि मिरची तेव्हा आपल्याकडे आलेलीच नव्हती.

ठेचा काढला, पण मग ती माणसं खात काय असतील, ते कळेना. म्हणून आठवडाभर घरात तसाच स्वयंपाक करायचं ठरवलं. मिरची बंद, आणि तिच्यासारखेच नंतर आलेले म्हणून बटाटा-टोमॅटो बंद, शेंगदाण्याचं कूटही बंद. तिखटाला मिरी, आंबटाला चिंच. पहिल्या दिवशी आमचे हे मुकाट जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांचं स्टँडवर काहीतरी काम निघालं, आणि परत आले ते शर्टावर मिसळीच्या तर्रीचे डाग घेऊन. सासूबाई मात्र रोज पानावर बसल्या. शेवटी एकदा आमटी भुरकून म्हणाल्या, "लई मिळमिळीत हाय. हे खाऊन येवढा किल्ला बांधला, म्हंजी कमालच म्हनायची."

त्यांना विचारून मी हे वाक्य प्रस्तावनेत घातलं.

पुस्तक निघाल्यावर कर्जतच्या एका शाळेने बोलावलं. किल्ल्याबद्दल काय काय विचारतील म्हणून मी तयारी करून गेले होते. पहिल्याच बाकावरची मुलगी उभी राहिली.

"बाई, तुमच्या सासूबाई न्हाई आल्या का?"

पुढच्या खेपेला त्यांना घेऊनच गेले. नवं लुगडं नेसून त्या खुर्चीत बसल्या आणि आपल्या लहानपणी काय शिजायचं ते तासभर सांगत राहिल्या. एकही पोर पेंगलं नाही. नंतर मुलं सहीसाठी पुस्तकं घेऊन आली, ती त्यांच्यापुढेच. त्या एकेक अक्षर जुळवत सावकाश सही करत होत्या, आणि मी शेजारी उभी राहून पानं उघडून देत होते.