बातमी मागे घेतलीच नव्हती

संपादक वसंतराव गेले, हे मला त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळले. पुढच्याच अंकात त्यांच्या इंदापूरच्या साप्ताहिकाने त्यांच्याविषयी धडधडीत असत्य छापले. श्रद्धांजलीतले वाक्य असे : ‘चूक लक्षात येताच पाटपाण्याची बातमी मागे घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली, इतके ते उमदे.’ मी रजिस्टर पोस्टाने दोन पत्रे धाडून हरकत नोंदवली. उत्तर साप्ताहिकाच्या कार्यालयातून फोनवर आले, “काका, गेलेल्या माणसावरून वाद कशाला?”

वाद त्यांच्यावरून नाही. त्यांच्या नावावर खपवलेल्या शरणागतीवरून आहे.

मी न्यायालयातला निवृत्त लिपिक. दारात दिसलो की वसंतराव म्हणत, “या रावसाहेब! पत्र आणलंय की समन्स?” पाटपाण्याची ती बातमी आली त्या वर्षी मी लिहून नेले होते की, एका बड्या बागायतदारासाठी कालव्याच्या चारीचे दार पाण्याची पाळी नसताना उघडे राहते आणि शेवटच्या टोकाला, निरवांगीकडे, पाणी पोचत नाही. वसंतराव स्वतः तीन दिवस चारीच्या कडेने हिंडले, उघडे दार डोळ्यांनी पाहिले, आणि मगच पहिल्या पानावर बातमी दिली. जमिनीचा गट क्रमांक तेवढा माझ्या पत्रातून घेतला... आणि नेमका तोच चुकला. खातेदारांच्या यादीतून उतरवताना माझी नजर एक ओळ खाली घसरली होती. पाणीचोर ठरले निरवांगीचे भिवाआबा, ज्यांच्या शेतात पाणी येतच नव्हते!

आबा कार्यालयात आले. “संपादक, माझं रान वाळून कोळ झालंय, अन् मी पाणी चोरतो व्हय? पाव्हणं इचारत्यात, आबा, चोरलेलं पाणी ठेवलंय कुठं?”

वसंतराव हसले नाहीत. त्यांनी उठून आबांना आपली खुर्ची दिली. मी बोलू लागताच मला नजरेनेच थांबवले. नंतर म्हणाले, “छापलं मी. पडताळायचं काम माझं होतं.”

चूक ज्या पानावर, ज्या अक्षरात, दुरुस्तीही तिथेच आणि तेवढ्याच अक्षरात, हा त्यांचा शिरस्ता होता. बागायतदाराचा माणूस निरोप घेऊन आला : माफी मागताच आहात, तर बातमीही मागे घ्या. वसंतराव म्हणाले, “नंबर चुकलाय. दार नाही चुकलं.” त्या बागायतदाराचे चिरंजीव आज साप्ताहिकाचे मालक आहेत. श्रद्धांजली कुणाच्या सोयीची, हे वाचकांनी ठरवावे.

साप्ताहिकाच्या जुन्या फायली मला पाहू दिल्या नाहीत, म्हणून मी निरवांगीला गेलो. आधी जे सांगायचे ते सांगितले, “आबा, तो नंबर माझ्या हातचा होता.”

आबांनी विचारले, “एवढी वर्सं गप ऱ्हायलासा?”

मी श्रद्धांजलीचा अंक पुढे करून त्या दुरुस्तीचे विचारले. त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीतून पिवळे कात्रण काढले. ‘गट क्रमांक आम्ही चुकीचा छापला, श्री. भिवाआबांची क्षमा मागतो. बाकी बातमी खरी आहे.’

“खरी हाय, असंच लिवलंय न्हवं?”

“तसंच लिहिलंय.”

“मग झेराक्स काढा. कागद माझ्यापाशीच ऱ्हाईल.”

ती प्रत जोडून मी तिसरे पत्र धाडले आहे. दुरुस्ती पहिल्या पानावर, त्याच अक्षरात हवी, अशी मागणी केली आहे. या वेळी गट क्रमांकाची चूक माझी, हे पहिल्याच ओळीत लिहिले... ती ओळ वसंतराव असताना लिहायला हवी होती.