पाणकोंबडीचा श्रद्धांजली बॅनर

क्षितिजा माझी सख्खी धाकटी बहीण, आणि तिच्यासारखं पोस्टर अख्ख्या वसईत कोणाला जमत नाही. मी नववी नापास, गोखिवऱ्याला गाळ्यात लेथ चालवतो, पण चांगलं काम कोणतं ते मला बघताक्षणी कळतं.

आमच्या घरामागं तळं आहे. येणारा-जाणारा त्यात पिशव्या फेकतो. तिनं आधी ‘कचरा टाकू नका’ लावलं, तर त्या पाटीखालीच ढीग. मग एक पाणकोंबडी मेली, पिशवीचा बंद गळ्यात अडकून. मागं तिची काळी पिल्लं उरली. तेव्हापासून क्षितिजा धड जेवेना.

“दादा, ही पिल्लं तरी वाचली पाहिजेत. लोकांना टोचेल असंच काहीतरी करते आता.”

माणसाचा लावतात तसा बॅनर केला तिनं. मेलेल्या पाणकोंबडीचा फोटो, फोटोला हार, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ‘शोकाकुल : पोरकी पिल्लं. मारेकरी : पिशव्या टाकणारे आपण सगळे.’ बांधला मी. मी बांधलेला बॅनर वादळातही सुटत नाही.

शेजारचे रामनाथकाका थांबले. “कोण गेलं रे?”

“पाणकोंबडी.”

“आणि शोकाकुलमध्ये माझं नाव नाही?”

“मारेकऱ्यांत आहे की, काका,” क्षितिजा म्हणाली.

काका हसले, मग फोटोकडे बघून त्यांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत अख्खी आळी जमली. आशालतामावशींनी डोळ्यांना पदर लावला. “मुका जीव गं बिचारा.” कोणी हार आणला, कोणी अगरबत्ती, कोणी नारळ. मी प्रत्येकाला सांगत होतो, हे माझ्या बहिणीचं काम. त्या रात्री क्षितिजा पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तळ्यावर गेलो. बॅनरखाली एक पाकळीसुद्धा नव्हती, सगळं झाडून लख्ख. आशालतामावशी काठावर हात धूत होत्या.

“शिळी फुलं पायाखाली यायला नकोत ना,” त्या म्हणाल्या. “सगळं निर्माल्य गोळा केलं, नीट पिशव्यांत बांधलं आणि तळ्यात सोडलं.”

पाण्यावर पांढऱ्या पिशव्या तरंगत होत्या आणि एक पिल्लू त्यातल्या एकीचा बंद चोचीनं ओढत होतं. मी चपलांसकट पाण्यात उतरलो.