बंदुकीला ठोकलेली बाही

मी एकदा स्वतःला बंदुकीला ठोकून घेतलं होतं. रिव्हेट मारून. पक्कं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मेव्हण्याने बोलावलं म्हणून आम्ही नवराबायको मिशिगनला, नोव्हायच्या बाजूला राहायला आलो. मी गाड्यांचे पार्ट बनवायच्या कारखान्यात. शिक्षण चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून. शेजारी वॉल्टर नावाचा म्हातारा, त्याला जुन्या बंदुका नीट करायचा नाद. त्याच्या आजोबांची एक बंदूक होती, उडायची कधीच बंद झालेली. तिच्या लाकडी दस्त्यावरची पितळी पट्टी निखळली होती. दोन दिवसांनी क्लबात प्रदर्शन, आणि म्हाताऱ्याचे हात कापत होते.

"नो प्रॉब्लेम, वॉल्टर! आय डू रिव्हेट ऑल डे." (खोटं. रिव्हेट मशीन मारायचं. मी बटण दाबायचो!)

दुसऱ्या दिवशी बंदूक गॅरेजमध्ये घेतली, तर हातोडी गायब. घरात बघतो तर हातोडी, पाना, पक्कड सगळे देवापुढे पाटावर, हळदकुंकू लावून, शेवंतीची फुलं घेऊन बसलेले. खंडेनवमी!

"कुसुम, हातोडी दे."

"आज हत्यारांना सुट्टी. पूजा झालीय."

"अगं, त्याचं उद्या प्रदर्शन आहे!"

"मग काल का नाही केलंत? काल टीव्हीपुढे लोळत होतात."

ती स्वयंपाकघरात वळली आणि मी फुलांखालून हातोडी उचलली. अंगात तिने विणलेला लाल स्वेटर होता. माझ्या मापाचा नव्हे, तिच्या मनातल्या माझ्या मापाचा. बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या. एका हाताने पट्टी दाबून धरली, दुसऱ्याने दणादण ठोकलं. काय बसले रिव्हेट! स्वतःची पाठ थोपटायला हात उचलला, तर हाताबरोबर बंदूकही उठली!

बाहीचं टोक पट्टीखाली. ओढलं, हिसकलं, शिव्या घातल्या. काही नाही.

"कुसुम!"

ती आली. बंदुकीकडे बघितलं, हातोडीवरच्या कुंकवाकडे बघितलं.

"लगेच फळ मिळालं," ती म्हणाली. "या देशात सगळंच फास्ट."

"हसू नकोस. रिव्हेट उखडले तर लाकूड फुटेल. त्याच्या आजोबांची खूण आहे गं ती."

"आणि बाही कापायची नाही. माझी अख्खी थंडी गेलीय त्यात."

तेवढ्यात बाहेरून हाक. "रघू! इज इट डन?"

"डन!" मी ओरडलो. "व्हेरी डन!"

वॉल्टर आत आला आणि पांढरा पडला (आधीच पांढरा, तरी पडला!). आता तो रडतो की मला मारतो, तेच कळेना. कुसुमने त्याला स्टुलावर बसवलं. "सिट. ईट." हातात चिवड्याची बशी. मग सुई घेऊन माझ्या खांद्याची शिवण उसवली, हात बाहीतून बाहेर काढला, आणि खांद्याकडून बाही उसवत निघाली. सरसर सरसर! बशी संपल्यावर वॉल्टरचे दोन्ही हात पुढे धरायला लावून लोकर त्यांच्यावर गुंडाळली. ते हात आता कापतही नव्हते. पट्टीपाशी पोचल्यावर कात्रीने कच्.

"आज हत्यारांना सुट्टी ना?" मी म्हटलं.

"ही माझी आहे. सुट्टी मागत नाही, आणि कुणालाही ठोकत नाही."

पट्टीखालून लाल लोकरीचा गोंडा तेवढा बाहेर राहिला. दस्त्याला माझ्या बोटांचं कुंकू.

"व्हॉट इज धिस?" वॉल्टरने विचारलं.

"ब्लेसिंग," कुसुम म्हणाली. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. "टुडे पूजा. गन हॅपी."

म्हाताऱ्याने टोपी काढली!

प्रदर्शनात माझ्या रिव्हेटांकडे कुत्रं फिरकलं नाही. सगळ्यांना गोंडा पाहिजे. पुढच्या रविवारी आमच्या दारात बंदुका घेऊन धिप्पाड गोऱ्यांची रांग लागली, आणि ही पाच फुटी बाई एकेकाला दटावत, "शूज आउट!" म्हणत, दस्त्यांना कुंकू लावून लोकर बांधत होती. शिवाय माझी बाहीही तिने पुन्हा विणून दिली.

तिला जाऊन दुसरं नवरात्र आलं. घरात आवाज करतो तो फक्त फ्रीज. तिच्यासारखी हुशार बाई मी दुसरी पाहिली नाही. जन्मात एकदा हे तिला तोंडावर म्हणालो होतो. ती लाजली नाही, हसली नाही. उठून तडक गॅरेजमध्ये गेली, आता काय ठोकून ठेवलंय ते बघायला!