एका हातचा खांब
स्तंभावली हा शब्द मला ड्रॉइंगच्या वर्गात मिळाला. नागपुरातल्या जुन्या कचेऱ्यांच्या व्हरांड्यात खांबांची रांग असते ना, तिचं हे पुस्तकी नाव. बाबा गवंडी, म्हणून हौसेनं त्यांना सांगितलं. म्हणाले, "आमी त खांबाची लाईन म्हणतो. नाव काही बी असो, सांधा नाई दिसला पाह्यजे."

माझं डोकंच फिरलं. त्या सांध्यापायीच तर माय गेली तेव्हा ते घरी नव्हते.

गोल खांबाचा चुन्याचा गिलावा एकाच माणसानं, एका दमात ओढायचा असतो. मधे थांबलं की जोड कायमचा दिसतो. बाबा दुसऱ्याचा हातही लागू देत नसत.

मी तेरा वर्षांची होते. सिव्हिल लाइन्समधल्या एका व्हरांड्याचं काम चालू होतं, शेवटचा खांब राहिला होता. माय महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलेली. त्या दुपारी तिला श्वास पुरेना. शेजारच्या काकूंनी मला पिटाळलं, "जाय वं, बाबाले घेऊन ये."

बाबा उंच फळीवर होते. मी खालून सांगितलं, "मायले लय दम लागून राहिला. चला."

"एवढा खांब होऊ दे. तू हो समोर, आलोच मी."

मी घरी परतले. मायनं विचारलं, "आले काय वं?"

"येऊन राहिले," म्हटलं.

थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा नुसतं दाराकडे पाहिलं. बाबा आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत चुन्यानं माखलेले होते, आणि काकू मायचे डोळे मिटत होत्या.

राग? अजून येतो मला. एक खांब बिघडला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? पण तोंडावर बोलायची हिंमत कधी झाली नाही. बाबांनी नंतर गोल खांब हाती घेतला नाही. चौकोनी घेत, त्यांचा जोड कोपऱ्यात लपतो, आणि पाच वाजले की आहे तसा सोडून घरी येत. घरी येऊन नुसते बसून राहत.

पुढं कितीतरी वर्षांनी, एकदा जेवताना त्यांनी ताटात बघतच विचारलं, "मायनं मले विचारलं होतं काय वं, त्या दिवशी?"

"नाही," मी म्हटलं. "झोपूनच होती."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "मंग वाट नसंल पाह्यली."